तेलाचा अंगठा

टक्. एवढाच आवाज. पुढे चाललेल्या खडीच्या ट्रकमधून एक खडा उडाला, हरभऱ्याएवढा असेल नसेल, त्याच्या गाडीच्या काचेवर आपटला आणि गेला. ट्रक तसाच घरघरत पुढे निघाला, त्याला काय त्याचं. काचेवर मात्र बरोबर त्याच्या नाकासमोर एक चांदणी उमटली होती आणि तिचा एक पाय त्याच्या डोळ्यांदेखत लांब होत होता. त्याने एक सणसणीत शिवी हासडली. दिवसभरात स्वतःसाठी म्हणून तो बोलला असेल ते हे पहिलंच. इस्पितळातल्या एक्स-रेच्या खोलीत सकाळपासून तो गोड आवाजात एकच पाढा म्हणत आला होता: हलू नका, श्वास घ्या, रोखा, सोडा. लोक ऐकतात. कुठल्याही हुद्द्याचा माणूस त्या थंडगार फळीवर आडवा झाला की त्याचं ऐकतो. गाडीत कोण ऐकणार? शिवी देऊन बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. मनात जो पहिला विचार आला तो काचेचा नव्हता. येत्या सोमवारी लेक हीच गाडी घेऊन नव्या नोकरीच्या गावी निघणार होती, एकटी, घाटाच्या रस्त्याने. तो विचारही नंतर आला. पहिला विचार आला तो हा, की आता आप्पांना कळणार. आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

आप्पांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, कळल्याशिवाय राहणार नव्हतंच. रोज संध्याकाळी गाडी फाटकातून आत आली की ते वर्तमानपत्राचा बोळा आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर येत आणि सगळ्या काचा पुसत. कुणी सांगितलं नव्हतं. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या होत्या. मग हात थरथरायला लागले, दुकान बंद झालं, आई गेली, आणि उरलेल्या सगळ्या कामांतून त्यांनी हे एवढंच स्वतःकडे ठेवलं. गाडीचं बाकी काही त्यांना दिसत नसे. दाराला हा एवढा पोचा आला होता, त्यावर चकार शब्द नाही. काच तेवढी दिसे. लहानपणी त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे शिक्षाच. समोरून ओळखीचा माणूस हसत येतोय आणि यांची नजर वर, खिडक्यांवर. "ही माझी. ती पण माझी. ही माझी नाही, बघ कोपऱ्यात पुट्टी कशी फुगलीय." गावातल्या अर्ध्या घरांकडे बोट दाखवून ते माझी, माझी म्हणत आणि त्याला वाटे, आपल्याकडे बोट दाखवून हे असं कधी म्हणणार? म्हणाले नाहीत. राग तेव्हापासूनचा असावा. किंवा राग आजचाच असेल आणि जुन्या गोष्टी त्याला आयत्या सापडत असतील. त्याला काही ठरवता येईना आणि ठरवता येत नाही याचाही राग आला.

"काचेला काय झालं?" आप्पांनी दारातूनच विचारलं. बोळा अजून कोरडा होता.

"खडा लागला."

"कधी?"

"आत्ता. येताना."

"बोलला नाहीस ते."

"बोलायला घरात तरी येऊ द्या."

जेवताना बायकोने विषय काढला. तिच्या मनात काही नव्हतं, तिला सोमवारची काळजी होती. "मी उद्या फोन करते त्या काचवाल्याला. घरी येऊन बसवून जातो. शेजारच्यांची नाही का बसवली मागे, तो हो, हातमोजेवाला." काचवाला हा शब्द टेबलावर पडला आणि पडूनच राहिला. आप्पांचा घास हातातच थांबला. या घरात काचवाला म्हणजे एकच माणूस होता, आणि त्याच्या समोर बसून कुणी दुसऱ्याला त्या नावाने हाक मारली नव्हती. बायकोच्या ते लक्षात आलं आणि तिने उगाचच पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे ठेवला.

"घरात माणूस असताना बाहेरचा कशाला?" आप्पा म्हणाले.

"आप्पा, ती खिडकी नाही. गाडी आहे."

"काच ती काच."

"वेगळं काम असतं ते. चिकटवतात ती."

"मग आम्ही काय खिळे ठोकत होतो?"

लेक हसली. तिचं हसू आजीवर गेलं होतं. "करू द्या ना बाबा, आजोबांना. मला पण आवडेल. आजोबांनी बसवलेल्या काचेतून बघत बघत जाईन." झालं. आता यावर कोण काय बोलणार? त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने ताटाकडे पाहिलं. आप्पांनी थांबलेला घास तोंडात घातला आणि चावता चावता भिंतीकडे अशा नजरेने बघू लागले, जसे पूर्वी काम घेतल्यावर चौकटीचं माप डोळ्यांनीच घेत. त्या नजरेत असं काही तेज आलं होतं की त्याला उठून जावंसं वाटलं. महिनोन् महिने खुर्चीत बसून असलेला बाप असा उजळलेला पाहून मुलाला आनंद व्हावा. त्याला झाला नाही. आपण इतके कोते आहोत का, असं त्याने स्वतःला विचारलं. आतून तत्काळ उत्तर आलं, हो, आहोत.

चांदणीचा तो पाय दुसऱ्या दिवशी आरशापर्यंत पोचला. सकाळच्या थंडीत एक टोक, दुपारच्या उन्हात दुसरं. गाडी चालवताना त्या रेघेच्या वर एक रस्ता दिसे आणि खाली दुसरा, आणि दोन्ही एकमेकांना जुळत नसत. त्याला दुकान आठवत होतं. एक लांबट अंधारी खोली, लाकडी घोड्यांवर उभ्या कलत्या ठेवलेल्या काचांच्या रांगा, सगळ्यांच्या कडा हिरव्या. समोरून पाहिलं तर काही नाही, आरपार. कडेने पाहिलं तर खोल हिरवा रंग, विहिरीतल्या पाण्याचा. तो शाळेतून येताना तिथे थांबे. एकदा त्याने त्या हिरव्या कडेला बोट लावायला हात पुढे केला आणि मनगटावर फटका बसला. लागलं नव्हतं फार. "हात लावू नकोस." त्यानंतर ते वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकलं की घराच्या दारावर लिहून ठेवायला हरकत नव्हती. काच कापायच्या हिऱ्याच्या कलमाला हात लावू नकोस. पुट्टीला हात लावू नकोस. आईने कधी विचारलं, अहो, शिकवा की त्याला थोडं, तर म्हणत, "त्याचे हात यासाठी नाहीत." सगळे म्हणत, किती मोठ्या मनाचा बाप, स्वतःची बोटं कापून घेतली पण पोराला कॉलेजात शिकवलं. त्यालाही हे पाठ झालं होतं. डॉक्टर मात्र तो झाला नाही, एक्स-रे काढणारा झाला. आप्पा लोकांना सांगत, मुलगा इस्पितळात असतो, फोटो काढतो. कशाचे, ते सांगत नसत.

आणि पुतण्याला शिकवलं. हे तर कुणी बोलतच नाही. काकांचा मुलगा, त्याच्याच वयाचा, शाळेत नापास होऊन होऊन दुकानात आला आणि आप्पांनी त्याला सगळं दिलं. मोठी काच उचलायला दोन माणसं लागतात. एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला तो. आप्पा म्हणत, "धर." मग क्षणभर दोघं नुसते उभे राहत, वजनाचा अंदाज घेत, मग आप्पा म्हणत, "चल," आणि ते दोघं ती आरपार गोष्ट घेऊन रस्त्यातून अशी चालत जात की लोक बाजूला होत. तो पुस्तकं छातीशी धरून दुकानाच्या पायरीवर बसलेला असे. धर. एवढा एक शब्द. पुतण्या पुढे सगळं सोडून दुसऱ्या देशात गेला, काचेचं नावही काढत नाही. शिकवलेलं असं पाण्यात गेलं याचा त्याला आसुरी आनंद झाला होता, आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

आप्पा गप्प बसले नव्हते. फोन फिरवून त्यांनी आपल्या एका जुन्या ओळखीच्या दुकानदाराकडून त्या गाडीची काच मिळवली, चिकटवायच्या मसाल्याच्या नळ्या मिळवल्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी टेंपोतून सगळं घेऊन स्वतः पुढे बसून आले. इतका वेळ ते घराबाहेर राहिल्याला वर्ष उलटलं असेल. बायकोने त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुम्ही का असे फुरंगटून बसलाय? करू द्या की त्यांना."

"काल तूच म्हणत होतीस, हातमोजेवाल्याला बोलावू."

"म्हणत होते. पण आप्पांचा चेहरा बघितलात का?"

"पोरगी त्या काचेमागे बसून जाणार आहे. चेहरा काय घेऊन बसलीस?"

"मग तुम्ही लक्ष ठेवा ना. तुम्हाला कळतं सगळं."

कळतं सगळं. टोमणा होता की विश्वास होता, देव जाणे. पण खरं म्हणजे त्याला एक गोष्ट कळत होती. शेजाऱ्यांची काच बसवली तेव्हा तो कुंपणाशी उभा राहून सगळं पाहत होता. हातमोजेवाल्याने काच पुसून तयार ठेवली होती आणि शेजारी कौतुकाने तिच्या काळ्या कडेला हात लावायला गेले, तसा तो वसकन अंगावर आला. "हात नका लावू साहेब. तेलकट हात लागला की मसाला पकडत नाही. अपघातात हीच काच तुम्हाला आत धरून ठेवते." मग त्याने ती कड पुन्हा पुसली, पुन्हा नवे हातमोजे चढवले. शेजारी ओशाळून हसले होते. त्याला मात्र हात नका लावू हे शब्द ऐकून उगाचच ओळखीचं वाटलं होतं.

शनिवारी सकाळी अंगणात आप्पांनी काम काढलं. जुनी काच सोडवायला तारेची करवत लागते. तार मसाल्यातून आत घालायची, एकाने गाडीत बसून ओढायची, एकाने बाहेरून. दोन माणसांचं काम. तो बाह्या सरसावून पुढे झाला. जुने कपडे घातले होते, सुट्टी घेतली होती. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याच्या खांद्यावरून मागे पाहत ते म्हणाले, "ये गं, आत बस. धर हे टोक."

लेक टुणकन आत जाऊन बसली.

तो तसाच उभा राहिला, सरसावलेल्या बाह्यांचा. उन्हात आपला चेहरा कसा दिसत असेल याची त्याला कल्पना येईना. तार सर्र सर्र चालू लागली. आप्पांचे हात सुरुवातीला थरथरत होते, मग काम लागल्यावर थांबले. खरोखर थांबले. बायको ओट्यावर येऊन पाहत उभी होती, तिचे डोळे भरून आले होते. जुनी काच निघाली. आप्पांनी चौकटीवरचा राहिलेला मसाला पात्याने असा तासला की बोट फिरवलं तर सायकलच्या नळीसारखं गुळगुळीत लागावं. यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे कबूल करायला हवं. मग चौकटीवर नव्या मसाल्याची वळी सोडली, नवी काच गादीवर आडवी ठेवली आणि तिच्या कडेची काळी पट्टी फडक्याने लखलखीत पुसली. आणि मग त्यांनी ते केलं, जे ते आयुष्यभर करत आले होते. खिशातून एक चपटी डबी काढली. जवसाच्या तेलाची. उजवा अंगठा तीत बुडवला आणि काचेच्या कडेवरून सावकाश, एका कोपऱ्यापासून सुरू करून पुन्हा त्याच कोपऱ्यापर्यंत, पुरता फिरवला. खिडकीच्या कामात ते बरोबरच होतं. कड तेलावली की पुट्टी तिच्यावर सरकत बसते, वाळताना ओढली जात नाही. या घरातल्या सगळ्या खिडक्या त्याच अंगठ्याने बसलेल्या होत्या आणि अजून एकही वाऱ्यात वाजत नव्हती. त्याला ते लहानपणी फार आवडे. काचेला शांत करतोय, असं आप्पा म्हणत.

"आप्पा," तो म्हणाला.

"काय?"

"तिथं तेल..."

"तू बाजूला हो. हात लावू नकोस." आणि पोरीकडे वळून, वेगळ्याच आवाजात, "तिकडून धर गं. घट्ट नको. अंदाज घे आधी. हं. चल."

वाक्य त्याच्या तोंडात होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. ते बाहेर काढायला एक श्वास पुरला असता. पण मनगटावर तो जुना फटका पुन्हा बसल्यासारखं झालं आणि त्याने तोंड मिटलं. बरं, आप्पा. मी बाजूला. नाही लावत हात. तुमची काच, तुमचं तेल, तुमची नात. करा. या विचाराने त्याच्या आत काहीतरी थंड, गोड असं पसरलं, आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची भीती वाटली. पण तोवर काच चौकटीत बसली होती, आप्पा तळव्यांनी ती सगळीकडून दाबत होते आणि लेक टाळ्या वाजवत होती.

संध्याकाळी पाण्याचा पाइप सोडून पाहिला. थेंब आत आला नाही. आप्पा त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवले. झोपायला जाताना कसलीतरी चाल गुणगुणत होते. बायको म्हणाली, "पाहिलंत? उगाच काळजी करत होतात." तो म्हणाला, हो. ती दिवा मालवून झोपली आणि तो आढ्याकडे बघत पडला. सांगावं तर बापाच्या तोंडात मारल्यासारखं होतं. आणि का सांगितलं नाही तेव्हा, असं विचारलं की काय उत्तर देणार? न सांगावं तर पोरगी. मधला मार्ग म्हणजे गुपचूप दुसऱ्याकडून बसवून घेणं, पण आप्पा परक्याची काच कोसावरून ओळखतात. कसंही उलटंसुलटं केलं तरी शेवटी बोट त्याच्याकडेच येत होतं. तेल त्यांनी लावलं आणि पाप माझ्या माथी, असं त्याला वाटलं, आणि तो अंथरुणात पडल्या पडल्या दातओठ खाऊ लागला.

रविवारची सकाळची पाळी होती. फळीवर एकेक माणूस येत होता. हलू नका. श्वास रोखा. एका म्हाताऱ्याचं मनगट मोडलं होतं, हात सरळ ठेवायला तो तयार होईना, "मला कळतं, मी ठेवतो," म्हणत राहिला, आणि त्याने त्या म्हाताऱ्याचा हात इतक्या जोरात दाबून फळीवर टेकवला की बाहेरची परिचारिका आत डोकावली. म्हातारा नुसता त्याच्याकडे बघत राहिला. चित्र चांगलं आलं. काळ्यावर पांढरी हाडं आणि त्यांत एक बारीक रेघ. तो ती रेघ बघत बसला आणि त्याला घाटाचा रस्ता दिसला, वळणावर समोरून येणारी बस, करकचून दाबलेला ब्रेक, आणि नुसती ठेवलेली काच, कुणालाही न अडवता, दारासारखी उघडणारी. त्याने बाहेर येऊन हातमोजेवाल्याला फोन लावला.

"घरी बसवली?" पलीकडचा काहीतरी चघळत होता.

"हो. वडिलांनी. ते काचेचंच काम करायचे."

"गाड्यांच्या?"

"खिडक्यांच्या."

पलीकडे हसण्याचा आवाज आला. "आणि तेल लावलं म्हणता? मग ती बसलेली नाही, ठेवलेली आहे."

"येऊन बघता का? आज?"

"मंगळवारी. रविवारी मी कुणाची काच बघत नाही, माझी स्वतःचीसुद्धा."

"पण उद्या मुलगी जाणार आहे त्यातून. कळणार कसं तोवर?"

"सोपं आहे. आत बसा, पाठ सीटला टेकवा, दोन्ही पाय काचेला लावून रेटा. हलली नाही तर मला बोलावू नका." आणि फोन ठेवला. याचाही त्याला राग आला, की त्याच्या घरात एवढं रामायण चाललेलं असताना हा माणूस चघळत होता.

दुपारी तो घरी आला तेव्हा आप्पा नव्या काचेवर वर्तमानपत्राचा बोळा फिरवत होते. अंगणात ऊन होतं. लेकीची बॅग दाराशी येऊन बसली होती, अर्धी उघडी, आणि ती आत आईशी बोलत होती. इस्पितळातून चालत येताना त्याने शब्द जुळवून ठेवले होते. चांगले होते शब्द. आप्पा, तुमची चूक नाही, हा मसालाच वेगळा असतो. असं काहीतरी, कुणाला न बोचणारं.

"आप्पा, एक बोलायचं होतं."

"बघ कशी बसलीय." त्यांनी मान वळवली नाही. "कंपनीत नाही बसवणार अशी. आणि आता हात लावू नकोस, अजून एक दिवस जाऊ दे."

शब्द गेले. सगळेच्या सगळे. त्याने गाडीचं दार उघडलं, पुढच्या सीटवर बसला, पाठ मागे टेकवली, सीट मागे ढकलली आणि दोन्ही पाय उचलून काचेला लावले. बूटसुद्धा काढले नाहीत. काचेच्या पलीकडे आप्पा बोळा हातात धरून उभे होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. मग कळलं. त्यांचं तोंड उघडलं, आवाज आत आला नाही. बापाच्या कामाला तो पाय लावून बसला होता आणि बाप समोरून ते पाहत होता, मधे काच, स्वच्छ, नुकतीच पुसलेली. त्याने रेटलं. हात लावू नकोस ना? नाही लावत. हे घ्या. पुस्तकं छातीशी धरून पायरीवर बसल्याबद्दल. फोटो काढतो म्हणाल्याबद्दल. धर गं म्हणाल्याबद्दल. एक क्षण काही झालं नाही, आणि त्या एका क्षणात त्याने जिवाच्या आकांताने मनात म्हटलं, हलू नकोस, बाई, हलू नकोस. मग वरच्या कोपऱ्यात चर्र असा आवाज झाला, ओली पट्टी जखमेवरून काढावी तसा, आणि काच उचलली गेली. फार जोर लागलाच नाही. वरची कड चौकटीतून सुटून पुढे झुकली, बाहेरचा वारा आत आला.

"अरे, थांब," आप्पांचा आवाज आता नीट ऐकू आला. बोळा टाकून त्यांनी दोन्ही तळवे काचेला लावले होते. "रेटू नकोस आता. खाली पडेल ती. उतर. त्या बाजूने धर."

तो उतरला. गाडीला वळसा घालून तो दुसऱ्या कोपऱ्याशी गेला आणि त्याने काच धरली. दोघांनी मिळून ती चौकटीतून वर उचलली. मसाला सगळा चौकटीला राहिला होता आणि काचेची काळी कड कोरी, लखलखीत, एका कोपऱ्यापासून पुन्हा त्याच कोपऱ्यापर्यंत. दोन्ही हात अडकलेले, म्हणून आप्पांनी वाकून कडेपाशी नाक नेलं आणि वास घेतला. दारात बायको आणि लेक येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तेल," आप्पा म्हणाले.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही अंगठा फिरवलात तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, हात लावू नकोस."

आप्पांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग होता. पण तो त्याच्या ओळखीचा, वरून खाली येणारा राग नव्हता. बरोबरीच्या माणसावर काढावा तसा होता. "हात लावू नकोस म्हणालो होतो. तोंड उघडू नकोस कधी म्हणालो?" त्यांचा आवाज चिरकला. "पोरगी बसणार होती रे यात."

त्याला हवं होतं की त्यांनी काच सोडून द्यावी, एक थोबाडीत द्यावी, निदान मनगटावर फटका मारावा, म्हणजे त्यालाही काही म्हणता येईल, सगळं, पायरीपासूनचं. पण काच दोघांच्या हातात होती आणि एकाने सोडली तर दुसऱ्याला पेलणारी नव्हती. लेक दारातून हळूच म्हणाली, "मी बसने जाईन उद्या. गाडी नंतर नेईन." तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मग त्याला काचेत कंप जाणवला. आप्पांचे हात पुन्हा थरथरू लागले होते आणि ते थरथरणं काचेतून वाहत इकडे त्याच्या बोटांपर्यंत येत होतं. त्याने आणखी घट्ट धरली. थरथर थांबली नाही, वाढली, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की त्यातली निम्मी त्याची स्वतःचीच आहे.

"घट्ट नको," आप्पा म्हणाले. "अंदाज घे आधी."

त्याने अंदाज घेतला. जड होती. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जड.

"चल," आप्पा म्हणाले.